दादासाहेबांचा बाळकृष्ण घरी यावा

(रत्नागिरी येथील एका व्याख्यानमालेत मूकपटांच्या जीर्णोद्धाराविषयी केलेल्या भाषणाचे हे संपादित शब्दांकन.)



संयोजकांनी या व्याख्यानाचे निमंत्रण दिले तेव्हा मी त्यांना एकच अट घातली होती. माझे बोलणे आटोपशीर ठेवीन. पण त्यानंतर पाऊण तास सभागृहाचे दिवे मालवू द्यावेत. त्यांनी ती आनंदाने मान्य केली. तेव्हा समोर लावलेला हा पांढरा पडदा शोभेचा नाही, हे प्रारंभीच सांगून टाकतो. दादासाहेब फाळके यांनी १९१९ मध्ये निर्माण केलेला ‘कालिया मर्दन’ हा मूकपट आज आपण पाहणार आहोत. तो कसा पाहावा आणि का पाहावा, एवढेच मला सांगायचे आहे.

गोष्ट माझ्या शाळेपासून सुरू होते. मी आठवीत असेन. एका शनिवारी सभागृहाच्या खिडक्यांना सतरंज्या लावून काळोख केला गेला आणि ‘राजा हरिश्चंद्र’ची दोन रिळे आम्हांला दाखवण्यात आली. भारताचा पहिला कथापट म्हणून मुख्याध्यापकांनी गंभीर प्रास्ताविक केले. यंत्र गुरगुरू लागले आणि पडद्यावर महाराज हरिश्चंद्र, महाराणी तारामती आणि बाळ रोहिदास किल्ली दिलेल्या बाहुल्यांप्रमाणे तुरुतुरु धावू लागले. विश्वामित्र क्रोधाने थरथरत आहेत की उड्या मारीत आहेत, तेच कळेना. आम्ही मुले खो-खो हसत सुटलो. शेवटी शेवटी शिक्षकही तोंडाला रुमाल लावून बसले होते. सत्यासाठी राज्य, पत्नी आणि पुत्र यांवर पाणी सोडणारा राजा त्या दिवशी आमच्या लेखी विदूषक ठरला.

घरी येऊन मी तो प्रसंग आजोबांना रंगवून सांगितला. आजोबांनी तरुणपणी जत्रेतल्या तंबूत मूकपट पाहिलेले होते. ते हसले नाहीत. “आम्ही फाळक्यांचे चित्रपट पाहिले तेव्हा कोणी हसले नव्हते रे. बायका पडद्याला हात जोडायच्या,” एवढेच म्हणाले. जुन्या पिढीचा भाबडेपणा, अशी मी मनाशी समजूत करून घेतली. पुढे पत्रकारितेत पडलो, जुन्या चित्रपटांविषयी वाचू-लिहू लागलो, तेव्हा पुष्कळ वर्षांनी उलगडा झाला. आजोबा भाबडे नव्हते. शाळेतले यंत्र चुकीच्या गतीने चालत होते.

मूकपटांच्या काळी छायालेखक कॅमेऱ्याचा दांडा हाताने फिरवीत असे. सेकंदाला साधारण १६ ते १८ चित्रे फितीवर उमटत. बोलपट आल्यानंतर ध्वनीच्या सोयीसाठी ही गती सेकंदाला २४ अशी कायम झाली. सोळाच्या गतीने टिपलेले दृश्य चोवीसच्या गतीने दाखवले की माणसे दीडपट वेगाने धावणार. घरच्या दूरचित्रवाणीची गती पंचवीसची, म्हणजे तिथे आणखी थोडी घाई. ३५ मिलिमीटरच्या फितीत एका फुटात १६ चित्रे बसतात, म्हणून सोळाच्या गतीने एक फूट फीत बरोबर एक सेकंद चालते. हिशेब अगदी सोपा आहे. ‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी ३,७०० फूट होती. तो तासाभराहून किंचित अधिक चालायला हवा. चोवीसच्या गतीने तो ४१ मिनिटांत आटोपतो. मग उरलेली वीस मिनिटे कुठे गेली? हरिश्चंद्र निर्णयापूर्वी क्षणभर थांबतो, तारामती मान वळवून मुलाकडे पाहते, ऋषी आसनावरून सावकाश उठतात, ही सारी त्या वीस मिनिटांची धनसंपदा. ती काढून घेतली की भक्तिरसाचा हास्यरस होतो. कोणी दुष्टाव्याने केले असे नाही. कोणाला ठाऊकच नव्हते, आणि ठाऊक करून घेण्याची निकडही कोणाला वाटली नाही.

काय गमावले आहे

आपल्या देशात १९१२ ते १९३४ या काळात तेराशेहून अधिक मूकपट निघाले. त्यांपैकी आज सलग पाहता येतील असे फारच थोडे उरले आहेत. काहींचे तुकडे आहेत. बाकीचे केवळ जाहिरातींत आणि लोकांच्या आठवणींत. रत्नागिरीच्या श्रोत्यांपुढे बोलताना यातली दोन नावे मला घेतलीच पाहिजेत.

पहिले नाव दादासाहेब तोरणे यांचे. रामचंद्र गोपाळ तोरणे हे मालवण तालुक्यातील सुकळवाडचे. १९८१ मध्ये सिंधुदुर्ग वेगळा होईपर्यंत मालवण आपल्याच जिल्ह्यात होते, तेव्हा ते आपलेच. त्यांचा ‘श्री पुंडलिक’ १८ मे १९१२ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात लागला, म्हणजे ‘राजा हरिश्चंद्र’च्या जवळजवळ वर्षभर आधी. तो नाटकाचे चित्रण करून बनवलेला होता, कॅमेरा इंग्रज माणसाने चालवला होता आणि फितीवरील प्रक्रिया लंडनला झाली होती. या कारणांनी पहिल्या भारतीय कथापटाचा मान फाळक्यांकडे जातो, आणि तो योग्यच आहे असे माझे मत आहे. परंतु हा वाद ‘पुंडलिक’ समोर ठेवून घालता आला असता तर किती बरे झाले असते! त्या चित्रपटाचा एक फूटसुद्धा उरलेला नाही.

दुसरे नाव या गावाच्या सुपुत्राचे, लोकमान्यांचे. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर यांनी महाभारतातील कीचकवधाच्या कथेवर ‘सैरंध्री’ हा मूकपट काढला आणि १९२० च्या फेब्रुवारीत तो पुण्याच्या आर्यन चित्रपटगृहात झळकला. कीचक हा विषय त्या काळी केवळ पौराणिक नव्हता. काकासाहेब खाडिलकरांच्या ‘कीचकवध’ नाटकावर इंग्रज सरकारने १९१० मध्ये बंदी घातली होती, कारण प्रेक्षकांना कीचकाच्या जागी कर्झन दिसत असे. बाबूरावांचा चित्रपट पाहून टिळकांनी त्यांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली. त्यानंतर सहा महिन्यांच्या आत लोकमान्य गेले. टिळक आळीतील त्यांच्या जन्मस्थानाचे आपण दर्शन घेतो, त्यांची जयंती आणि पुण्यतिथी निष्ठेने करतो. पण अखेरच्या वर्षी ज्या चित्रपटाने त्यांना आनंद दिला, तो तुम्हांआम्हांला पाहता येत नाही. ‘सैरंध्री’ नष्ट झाला.

हे चित्रपट नष्ट कसे झाले? परकीय आक्रमकाने जाळले असे म्हणण्याची सोय इथे नाही. त्या काळची फीत नायट्रेटची असे. हे द्रव्य इतके ज्वालाग्राही, की एकदा पेटल्यावर पाण्याखालीही जळत राहते. आगीतून जे वाचले त्याचा दमट हवेत चिकट गोळा झाला. कोकणात राहणाऱ्यांना हे समजावून सांगायला नको. एका पावसाळ्यात आपल्या लग्नाच्या अल्बमचे काय होते ते आपण पाहतोच. पण सर्वाधिक नाश केला तो व्यवहाराने. चित्रपट चालून गेला की त्याच्या फिती भंगारात विकल्या जात. फितीवरच्या लेपातून चांदी काढून घेत आणि खालच्या सेल्युलॉइडच्या बांगड्या होत. कुणाच्या तरी पणजीच्या हातात राम-सीता किणकिणत होते, असे म्हणायला हरकत नाही. ज्या समाजाने हे चित्रपट पाहताना हात जोडले, त्याच समाजाने ते वितळवले. मूर्ती भंगली तर विसर्जन करावे एवढे आपल्याला शिकवलेले होते. फीत झिजली तर काय करावे, हे कोणी शिकवले नव्हते.

लॉ कॉलेज रस्त्यावरचे दोन ग्रंथ

दादासाहेब फाळक्यांचे चरित्र आपल्याला परिचित आहे. त्यात फार शिरत नाही. गिरगावात ख्रिस्तचरित्रावरचा मूकपट पाहताना त्यांच्या डोळ्यांसमोर गोकुळ आणि अयोध्या उभी राहू लागली, आणि दुसऱ्यांदा तोच चित्रपट पाहायला सरस्वतीबाईंना बरोबर नेण्यासाठी उसने पैसे काढावे लागले, हे त्यांनी स्वतःच ‘नवयुग’ मासिकातील लेखांत सांगून ठेवले आहे. स्वदेशी हा शब्द आज आपण सहज उच्चारतो. या गृहस्थाने तो संसाराची होळी करून आचरला. कर्जासाठी विमा गहाण पडला, पत्नीचे दागिने गेले. त्या माउलीने सारे पथक जेवू घातले आणि रात्री काळोखात बसून कोऱ्या फितीला भोके पाडली. भारतीय चित्रपटाचे पहिले तंत्रज्ञ एक गृहिणी होती, हे आपल्या मातृशक्तीच्या व्यासपीठांवरून जितके सांगितले जावे तितके सांगितले जात नाही.

या दांपत्याच्या कष्टांचे जे अवशेष आज हाती आहेत, त्याचे श्रेय एका मल्याळी माणसाला आहे. पी. के. नायर १९६५ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात रुजू झाले आणि १९९१ मध्ये निवृत्त झाले. फाळके कुटुंबीयांकडे तुकड्यातुकड्यांनी उरलेली रिळे त्यांनी चिकाटीने मिळवली, जुळवली, सुरक्षित फितीवर उतरवून घेतली. ‘राजा हरिश्चंद्र’चे पहिले आणि अखेरचे रीळ, ‘लंकादहन’ आणि ‘श्रीकृष्ण जन्म’ यांची काही मिनिटे, आणि बऱ्याच अंशी सलग असा ‘कालिया मर्दन’ आपल्याला मिळाला तो असा. २०१६ मध्ये पुण्यातच नायर यांचे निधन झाले. मराठी वृत्तपत्रांनी त्यांना किती जागा दिली ते सांगत नाही. मीही त्याच व्यवसायातला आहे.

हे संग्रहालय पुण्याच्या लॉ कॉलेज रस्त्यावर आहे. त्याच रस्त्यावर भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर आहे. योगायोग पाहा. दादासाहेबांनी ‘कालिया मर्दन’ काढला त्याच १९१९ साली भांडारकर संस्थेने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले. ते १९६६ मध्ये, म्हणजे ४७ वर्षांनी पूर्ण झाले. चित्रपटाचा जीर्णोद्धार कसा असावा असे मला कोणी विचारले, तर मी त्याला त्या आवृत्तीचे कोणतेही एक पान उघडून दाखवीन. देशभरातील पोथ्या जमवल्या, ताडून पाहिल्या, जो पाठ सर्वाधिक विश्वसनीय तो वर छापला आणि उरलेले पाठभेद खाली दिले. ज्या शब्दाविषयी खात्री कमी, त्याच्याखाली नागमोडी रेघ ओढली. ही रेघ मला फार मोलाची वाटते. व्यासांच्या ग्रंथापुढे विद्वानांनी दाखवलेली ती नम्रता आहे.

चित्रपटाचेही तसेच. उपलब्ध प्रतींतली सर्वांत जुनी आणि स्वच्छ प्रत निवडायची. फाटलेली भोके हाताने सांधायची, बुरशी आणि धूळ धुऊन काढायची. मग एकेक चित्र संगणकात उतरवायचे. ‘राजा हरिश्चंद्र’ पूर्ण उरला असता तर ही चित्रे ५९,२०० भरली असती. त्यानंतर थरथरणारे चित्र स्थिर करायचे, उजेडाची उघडझाप समतोल करायची, ओरखडे पुसायचे. पुसायचे ते फक्त नंतर पडलेले ओरखडे. मूळ छायालेखनात जी उणीव आहे ती तशीच ठेवायची. शेवटी गती ठरवायची. ही सर्वांत नाजूक बाब, कारण हाताने फिरवलेल्या दांड्याची गती प्रत्येक दृश्यात थोडी बदलते. माणूस पाऊल कसे टाकतो, पाणी कसे पडते, हे पाहून तज्ज्ञ ती ठरवतात.

याच रस्त्याने दोन आघातही पाहिले. ८ जानेवारी २००३ रोजी फिल्म संस्थेच्या आवारात, म्हणजे पूर्वीच्या प्रभात स्टुडिओच्या जागेत, संग्रहालयाच्या नायट्रेट रिळांच्या भांडाराला आग लागली आणि मूळ फितींचा मोठा ठेवा काही तासांत राख झाला. त्याला एक वर्ष होते न होते तोच, ५ जानेवारी २००४ रोजी, भांडारकर संस्थेत जमाव घुसून मोडतोड झाली. एके ठिकाणी निष्काळजीपणा, दुसऱ्या ठिकाणी संताप. दोन्हींत हानी आपलीच.

हरिश्चंद्राविषयी असत्य नको

आता थोडे अप्रिय बोलतो. आपल्या उत्सवी भाषणांत ‘राजा हरिश्चंद्र १९१३ ची मूळ प्रत जतन केलेली आहे’ असे ठोकून सांगितले जाते. जी दोन रिळे आज आपण पाहतो, ती १९१३ च्या चित्रपटाची नसून फाळक्यांनी १९१७ मध्ये पुन्हा चित्रित केलेल्या आवृत्तीची आहेत, असे काही अभ्यासकांचे साधार मत आहे. हा प्रश्न अभ्यासकांनी सोडवावा. पण तो प्रश्न आहे, हे आपल्या तोंडून निघायला हवे. अभिमानाला हे कमीपणाचे वाटू नये. सत्यासाठी डोंबाघरी पाणी भरणाऱ्या राजाच्या चित्रपटाविषयी तरी आपण सोयीचे असत्य सांगू नये. १९१७ ची असली तरी रिळे दादासाहेबांचीच आहेत. त्यातली तारामती साळुंखे नावाच्या पुरुषानेच केलेली आहे, आणि तिच्या सख्याही साऱ्या पुरुषच आहेत. त्यांचे मोल त्याने उणे होत नाही.

याच कारणासाठी मला दुसऱ्या एका गोष्टीची अधिक धास्ती वाटते. २००४ मध्ये ‘मुघल-ए-आझम’ रंगीत करून पुन्हा प्रदर्शित झाला, तेव्हा त्या खटाटोपाला मोठे पथक आणि मोठा पैसा लागला होता. आज कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने कोणीही महाविद्यालयीन मुलगा घरबसल्या जुना चित्रपट रंगीत करतो, चेहरे गुळगुळीत करतो, नसलेल्या चौकटी निर्माण करतो, पात्रांना आवाज देतो. त्याचा हेतू चांगलाच असतो. ‘किती स्पष्ट दिसतंय!’ असे आपण कौतुकाने म्हणतो. परंतु ते जे स्पष्ट दिसते, ते त्या माणसाचे मुख नसते. यंत्राने अंदाजाने काढलेले कोणाचे तरी मुख असते. आपल्या कोकणात या चुकीचे उदाहरण गावोगाव उभे आहे. जुन्या कौलारू देवळाचा कोरीव लाकडी सभामंडप उतरवला जातो, सिमेंटचा स्लॅब पडतो, खांबांना चकचकीत फरशी लागते, आणि दर्शनी भागी पाटी लागते ‘जीर्णोद्धार’. वर्गणी देणाऱ्यांची श्रद्धा खरी असते, यात शंका नाही. मात्र ज्या सुताराने त्या तुळईवर मोर कोरला होता, तो कायमचा पुसला जातो. चित्रपटाच्या बाबतीत आपण हेच करणार असू, तर ओरखड्यांची जुनी प्रतच बरी. जिथे चित्र हरवले आहे तिथे काळा पडदा ठेवावा, किंवा ‘हा भाग उपलब्ध नाही’ अशी पाटी दाखवावी. तीच आपली नागमोडी रेघ.

चांगले उदाहरण हवे असेल तर ते, सांगायला संकोच वाटतो, लंडनचे आहे. हिमांशु राय यांनी जर्मन दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन यांना हाताशी धरून १९२९ मध्ये ‘प्रपंचपाश’ काढला. कथेचे बीज महाभारतातल्या द्यूतप्रसंगाचे, चित्रण राजस्थानात, हत्ती-घोडे आणि माणसांचा महापूर. त्याची प्रत ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने सांभाळली होती. आपल्या स्वातंत्र्याच्या साठाव्या वर्षी, २००७ मध्ये, तिचा जीर्णोद्धार झाला, नितीन साहनी यांनी तिला नवे संगीत दिले, लंडनच्या ट्रफाल्गर चौकात उघड्यावर तो दाखवला गेला आणि मग त्याची तबकडी निघाली. ती घ्यावी आणि घरच्या दूरचित्रवाणीवर योग्य गतीने, संगीतासह पाहावी. ज्यांनी आपल्यावर राज्य केले त्यांनी द्यूताची कथा घरपोच केली, आणि आपला कालियामर्दन संग्रहालयाच्या कपाटात, हे मनाला लागते. लागले पाहिजे.

गेल्या काही वर्षांत चित्र पालटते आहे, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. केंद्र सरकारने राष्ट्रीय चित्रपट वारसा अभियानासाठी सुमारे ५९७ कोटी रुपयांची तरतूद केली, आणि जुन्या चित्रपटांची डागडुजी मोठ्या प्रमाणावर सुरू झाली. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये गोव्यातील भारतीय आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात जीर्णोद्धार केलेला ‘कालिया मर्दन’ प्रत्यक्ष वाद्यवादनाच्या साथीने दाखवण्यात आला. शंभर वर्षांनी दादासाहेबांचा बाळकृष्ण यमुनेतून वर आला तो आपल्या शेजारी, मांडवीच्या तीरावर.

महोत्सवातून माजघरात

पण महोत्सव चार दिवसांचा असतो, आणि त्याला जाणारा प्रेक्षक वेगळा असतो. माझे मागणे याच्या पुढचे आहे. ही जीर्णोद्धारित प्रत घरात यावी. २५ जानेवारी १९८७ रोजी रामायण मालिका सुरू झाली तेव्हा या गावातले रविवार सकाळचे रस्ते कसे ओस पडत ते येथील ज्येष्ठांना आठवत असेल. शेजारपाजारचे लोक चपला दाराबाहेर काढून आपल्या बैठकीत येऊन बसत. काही घरांत दूरचित्रवाणी संचाला हार घातला जाई. २०२० च्या टाळेबंदीत तीच मालिका पुन्हा लागली आणि नातवंडांनी ती आजी-आजोबांशेजारी बसून पाहिली. आपल्या समाजात कथा टिकते ती घरात. दादासाहेबांचा कृष्ण प्रबंधांत शिरला, पुरस्काराच्या नावात शिरला, तिकिटावर आला. घरात मात्र आलेला नाही.

मूकपट घरी पाहायला कठीण जाईल, मुले कंटाळतील, अशी शंका येईल. मला ती पटत नाही. मूकपट मुका कधीच नव्हता. तंबूत पेटी-तबला असे, आणि पडद्यावर पाटी आली की कोणीतरी ती मोठ्याने वाचून दाखवी, कारण पुष्कळांना अक्षरओळख नव्हती. पिंगुळीचे चित्रकथी एकेक चित्र पुढे धरून रामकथा गात, ती परंपरा याहून वेगळी ती काय? आपल्या नमन-खेळ्यात गौळणी येतात, पेंद्या येतो, त्यांना पाहायला लहान मुले झोपेतून उठून येतात. घरच्या पडद्यावर पाटी येईल ती आजीने वाचावी. मुलाने ‘आता काय होणार?’ असे विचारावे, आणि ते सांगताना आजीने दोन गोष्टी पदरच्या घालाव्यात. बोलपटात ही सोय नाही. तिथे सारेच बोलून झालेले असते.

म्हणून शासनाकडे आणि संग्रहालयाकडे आपण आग्रह धरला पाहिजे. या चित्रपटांवरील स्वामित्वहक्काची मुदत केव्हाच संपलेली आहे. तेव्हा अडसर कायद्याचा नाही. उत्तम प्रतीची, योग्य गतीची, मराठी निवेदन आणि पारंपरिक वाद्यमेळ यांची जोड असलेली आवृत्ती अल्प मूल्यात किंवा विनामूल्य उपलब्ध व्हावी. निवेदन नको असेल त्याला ते बंद करता यावे. सोबत एक छोटी पुस्तिका असावी. कोणता भाग मूळ, कोणता दुरुस्त, कोणता हरवलेला, हे त्यात स्वच्छ लिहिलेले असावे. यासाठी पत्रे लिहायची असतील तर मजकूर मी तयार करून देतो, सह्या तुम्ही गोळा करा. १८२८ पासून ग्रंथ सांभाळणारे नगर वाचनालय ज्या गावात आहे, त्या गावातून असे पत्र जाण्याला वजन आहे.

आणखी एक काम आहे, ते मात्र आपल्याच हातात. आपल्या घरांचे माळे आपण वर्षातून एकदा, गणपतीच्या आधी झाडतो. त्यात कोणाच्या आजोबांचा फिरता सिनेमा असेल, कोणी मुंबईत स्टुडिओत नोकरीला असेल, कोणाकडे पत्र्याचा गोल चपटा डबा असेल. तो भंगारवाल्याला देऊ नका. उघडून फीत उन्हात वाळत घालू नका. गॅसजवळ तर अजिबात नेऊ नका. डबा उघडल्याबरोबर शिरक्यासारखा आंबूस वास आला तर तो धोक्याचा इशारा समजा, कारण फीत कुजू लागल्याची ती खूण आहे. झाकण लावा, सावलीत, कोरड्या जागी ठेवा आणि पुण्याच्या संग्रहालयाला कळवा. ‘सैरंध्री’ सापडेल असे आश्वासन मी देत नाही. पण नायर यांना जे मिळाले तेही कोणाच्या तरी घरातच होते.

आता पडद्याकडे वळू. आज आपण पाहणार आहोत ती महोत्सवातली नवी प्रत नव्हे. ही जुनीच, ओरखड्यांची, आंतरजालावर फिरणारी प्रत आहे. आपल्यातल्या एका तरुण कार्यकर्त्याने दोन रात्री संगणकापुढे बसून तिची गती तेवढी सुधारली आहे. बाकी काहीही बदललेले नाही. पेटीला आणि तबल्याला गावातलीच मंडळी आहेत. पाट्या वाचायला दोन भगिनी पुढे बसल्या आहेत.

प्रारंभी एक सात वर्षांची मुलगी दिसेल. तिच्या अंगावर कृष्णाचा वेष नसेल. ती केवळ चेहऱ्याने एकेक भाव करून दाखवील. ती दादासाहेबांची कन्या मंदाकिनी. ‘ही माझी मुलगी आहे, हे पाहून घ्या, आणि मग ते विसरा,’ असेच जणू वडील प्रेक्षकांना सांगत आहेत. त्यानंतर तीच बाळकृष्ण होऊन येते. सवंगड्यांबरोबर खोड्या काढते, लोणी चोरते, आणि डोहात उडी घेते तेव्हा काठावर यशोदा ऊर बडवते. फणा कसा केला आहे, दोर कुठे दिसतो, हे शोधायचे असेल त्यांनी जरूर शोधावे. मीही पहिल्यांदा तेच केले. पुढच्या रांगेतल्या बालगोपाळांना हसायचे असेल तर त्यांना हसू द्या. खोड्यांवर हसणे वेगळे.

दिवे मालवावेत, ही विनंती.